नव्या ड्रेजरच्या बातमीतला एक आकडा पुरत नाही

सागरी बांधकाम करणारी एखादी कंपनी नवा ड्रेजर, म्हणजे पाण्याच्या तळाचा गाळ उपसणारं जहाज, पाण्यात उतरवते तेव्हा बातमीचा साचा साधारण ठरलेला असतो. जहाजाचं नाव, लांबी, कुठल्या गोदीत बांधलं ते, आणि मग ठळक अक्षरांत एक आकडा: हॉपरची, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या हौदाची, क्षमता इतके हजार घनमीटर. सोबत फोटो. कोरा रंग, पताका, गोदीवर जमलेली माणसं. वाचणारा मनाशी एवढंच धरतो की जहाज मोठं आहे, म्हणजे चांगलं असणार.

आकडा खरा असतो. पण ड्रेजरच्या पोटात किती मावतं हे कळून त्याचं काम कळत नाही. तो दिवसात किती फेऱ्या मारेल, किती खोलवरून उपसेल, किती उथळ पाण्यात शिरू शकेल आणि पोटातला माल किती वेळात रिकामा करेल, यावर कंपनीचा नफा आणि बंदराचं काम अवलंबून असतं. या लेखात तेच उलगडून सांगायचं आहे. हे यंत्र मला फार सुंदर वाटतं, आणि त्याच्याबद्दल सोप्या भाषेत फारच थोडं लिहिलं जातं.

आधी ड्रेजर लागतो कशाला, ते पाहू. नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग मंदावतो आणि तिने वाहून आणलेली माती तळाशी बसते. किनाऱ्यालगत लाटा आणि भरती-ओहोटी वाळू इकडून तिकडे सरकवत असतात. बंदरात यायला खोदलेला जहाजमार्ग म्हणजे समुद्राच्या दृष्टीने तळात पडलेला खड्डा, आणि समुद्र तो बुजवत राहतो. म्हणून बहुतेक बंदरांत गाळ काढण्याचं काम एकदा करून संपत नाही, दरवर्षी करावं लागतं. त्यात जहाजं मोठी होत गेली. आजचं ४०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज पूर्ण भरलं की त्याचं बूड पाण्याखाली सुमारे १६ मीटर जातं. मार्ग तेवढा खोल नसेल तर जहाजाला कमी माल घेऊन यावं लागतं किंवा भरतीची वाट पाहत बाहेर थांबावं लागतं.

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. तेव्हा जगाने टगबोटी पाहिल्या, किनाऱ्यावरचा एकटा पोकलेन पाहिला. त्या जहाजाच्या नाकाशी कालवा प्राधिकरणाचा 'मशहूर' नावाचा ड्रेजर दिवसरात्र चालू होता. त्याने सुमारे ३०,००० घनमीटर वाळू-माती हलवली, मग भरतीचं पाणी आणि टगबोटींची ओढ कामी आली.

दोन मुख्य जाती

ड्रेजरचे प्रकार बरेच आहेत. काही पोकलेनसारखे खणतात, काही जबड्याने उचलतात, काही नुसता पाण्याचा झोत मारून गाळ सैल करतात आणि प्रवाहाला वाहून नेऊ देतात. बादल्यांची साखळी फिरवणारे जुन्या काळचे ड्रेजर तर १८६० च्या दशकात मूळ सुएझ कालवा खोदताना वाफेवर चालले होते. पण आज कंपन्या ज्यांच्या बातम्या देतात ती जहाजं बहुधा दोनपैकी एका जातीची असतात.

पहिला कटर सक्शन ड्रेजर. त्याच्या पुढच्या बाजूला लांब शिडीसारखा सांगाडा खाली सोडलेला असतो आणि त्याच्या टोकाला दात बसवलेलं फिरतं डोकं असतं. मागे एक जाडजूड पोलादी खांब तळात रोवलेला असतो, त्याला स्पड म्हणतात. त्या खांबाभोवती जहाज कमानीत डावीकडून उजवीकडे झुलतं आणि दात तळ कातरत जातात. हा खडक फोडू शकतो, आणि फोडलेला माल पाइपलाइनमधून थेट किनाऱ्यावर ढकलतो. बेल्जियमच्या देमे कंपनीचा २०२१ मध्ये कामाला लागलेला 'स्पार्टाकस' या जातीतला अतिशय बलाढ्य ड्रेजर आहे. त्याची एकूण यंत्रशक्ती ४४,१८० किलोवॅट. कठीण खडकात या जातीच्या ड्रेजरचे दात इतक्या वेगाने झिजतात की ते बदलणं हा रोजच्या कामाचाच भाग असतो.

दुसरा ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर. हा चालता चालता उपसतो, स्वतःच्याच पोटात भरतो आणि स्वतःच नेऊन टाकतो. त्याला नांगर टाकून बसावं लागत नाही, म्हणून गजबजलेल्या जहाजमार्गातही इतरांची वाट न अडवता तो काम करू शकतो. या घराण्याचा पहिला मानला जाणारा ड्रेजर अमेरिकेत १८५५ साली चार्ल्स्टन बंदरासाठी आला, त्याचं नाव 'जनरल मोल्ट्री'. पुढचा सगळा लेख या दुसऱ्या जातीबद्दल आहे, कारण बातमीतला तो घनमीटरचा आकडा याच जातीचा असतो.

पोटात गाळ येतो कसा

जहाजाच्या एका किंवा दोन्ही कुशींना लांब पोलादी नळ्या असतात. काम सुरू करायचं ठिकाण आलं की क्रेनसारख्या गॅन्ट्री त्या नळ्या बाहेर काढून पाण्यात सोडतात. नळीच्या टोकाला ड्रॅगहेड असतं. हे तळावर टेकून घसटत जाणारं जड, रुंद तोंड असतं. जहाज माणसाच्या भरभर चालण्याइतक्या वेगाने, साधारण दोन-तीन नॉट, पुढे सरकतं. ड्रॅगहेडमधून पाण्याचे जोरदार झोत वाळू सैल करतात, दात ती खरवडतात आणि पंप ती पाण्यासकट ओढून घेतो.

लाटांनी जहाज वरखाली होतं, तळ मात्र जागचा हलत नाही. मग ड्रॅगहेड उचललं जायला हवं, किंवा आपटायला हवं. तसं होऊ नये म्हणून नळीच्या दोरखंडाला हायड्रॉलिक सिलिंडर लावलेले असतात. जहाज वर गेलं की ते दोर सैल सोडतात, खाली आलं की ओढून घेतात. तोंड तळाला चिकटून राहतं. हा भाग बातमीत कधीच येत नाही, पण खवळलेल्या समुद्रात किती दिवस काम करता येईल हे बऱ्याच अंशी तो ठरवतो.

वर येतं ते मिश्रण असतं, आणि त्यात पाणीच जास्त. ते हॉपरमध्ये, म्हणजे जहाजाच्या मधोमध असलेल्या प्रचंड उघड्या हौदात पडतं. वाळू खाली बसते, वरचं पाणी उभ्या नळकांड्यातून पुन्हा समुद्रात जातं. याला ओव्हरफ्लो म्हणतात. त्याची उंची कमी-जास्त करता येते, आणि त्याचं महत्त्व पुढे दोन ठिकाणी दिसेल.

खोली वाढली की पंप का हरतो

आता या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. आपण नळीने सरबत पितो तेव्हा सरबत आपण ओढत नाही. तोंडात दाब कमी होतो आणि बाहेरची हवा सरबताला वर ढकलते. पंपाचंही तेच. आणि हवेची ढकलण्याची ताकद ठरलेली आहे: सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकी. पंप कितीही मोठा आणला तरी शोषण्याच्या बाजूला ही मर्यादा ओलांडता येत नाही.

मग ३०-४० मीटर खोलीवरून वाळू येते कशी? नळीच्या बाहेरही समुद्राचं पाणी आहे आणि तेही नळीतल्या द्रवाला खालून वर ढकलत असतं. नळीत नुसतं पाणी असतं तर दोन्ही बाजू तोलल्या गेल्या असत्या आणि खोलीचा प्रश्नच आला नसता. पण नळीत वाळूचं मिश्रण आहे, आणि ते बाहेरच्या पाण्यापेक्षा जड आहे. समुद्राचं पाणी घनमीटरला १.०२५ टन भरतं. मिश्रण १.३ टन भरतं असं धरू. फरक ०.२७५ टन. याचा अर्थ, खोलीच्या प्रत्येक मीटरमागे हवेच्या त्या १० मीटरच्या शिलकीतले जवळपास २७ सेंटिमीटर खर्च होतात. पंप पाण्याच्या पातळीवर बसवला असेल तर ४० मीटर खोलीवर खर्च ११ मीटर होतो. शिल्लक संपली. नळीतलं घर्षण आणि मिश्रणाला वेग देण्याचा खर्च तर आपण अजून धरलेलाच नाही.

शिल्लक संपत आली की पंपाच्या तोंडाशी पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळू लागतं, बुडबुडे होतात, ते पंपात फुटतात आणि धातू खातात. प्रवाह तुटतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

यावर तीन उपाय आहेत. मिश्रण पातळ ठेवायचं, म्हणजे जास्त पाणी आणि कमी वाळू, अर्थात काम हळू. दुसरा उपाय म्हणजे पंप जहाजाच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीच्या बराच खाली बसवायचा. आजकाल हे सर्रास करतात. आणि त्याहून खोल जायचं असेल तर पंपच शोषण नळीवर बसवून तिच्याबरोबर पाण्याखाली सोडायचा. मग त्याला ओढायचं अंतर थोडंच राहतं, बाकीचं तो ढकलतो, आणि ढकलण्याला हवेच्या दाबाची मर्यादा नसते. बेल्जियन मूळ असलेल्या यान दे नुल कंपनीचा 'क्रिस्तोबाल कोलोन' १५५ मीटर खोलीपर्यंत उपसू शकतो, आणि त्यामागचं तत्त्व हेच आहे. म्हणून नव्या जहाजाच्या माहितीत 'नळीवर पाण्याखालचा पंप' असं दिसलं तर थांबावं. कंपनी खोल समुद्रातून वाळू आणण्याच्या कामांवर डोळा ठेवून आहे, असा त्याचा साधारण अर्थ असतो.

घनमीटर आणि टन

आता तो ठळक आकडा. एका कल्पित जहाजाचा हॉपर १२,००० घनमीटरचा आहे आणि ते १८,००० टन वजन वाहू शकतं, असं धरू. हॉपरमध्ये नीट बसलेली ओली वाळू घनमीटरला सुमारे १.९ टन भरते. हॉपर काठोकाठ भरला तर वजन होईल २२,८०० टन. जहाजाला ते झेपणार नाही. म्हणजे वाळू उपसताना या १२,००० च्या हॉपरमध्ये सुमारे ९,५०० घनमीटरच घेता येईल. ओव्हरफ्लोची उंची खाली आणायची ती यासाठी: जादा पाणी जितकं बाहेर जाईल तितकं वजन वाळूच्या वाट्याला.

तेच जहाज बंदरातला मऊ चिखल उपसायला लागलं तर? चिखलाचं मिश्रण घनमीटरला १.३ टन धरा. हॉपर काठोकाठ भरला तरी वजन १५,६०० टन. इथे जागा संपते, वजनाची क्षमता उरते.

आणि खरी मेख पुढे आहे. चिखलात पाणी किती आणि घन कण किती याचा हिशोब केला, तर त्या काठोकाठ भरलेल्या १२,००० घनमीटरमध्ये कोरडा माल जेमतेम ५,४०० टन निघतो. वाळूच्या ९,५०० घनमीटरमध्ये मात्र सुमारे १३,५०० टन. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला हॉपर जास्त भरलेला वाटेल, तरी त्यात माल निम्म्याहून कमी आहे. म्हणून गाळाच्या कामात अनेकदा मोजणी घनमीटरवर न सोडता कोरड्या टनांवर करतात. जहाज किती बुडालं यावरून वजन कळतं, हॉपरमधली पातळी मोजली की आकारमान कळतं, दोन्हींवरून घनता आणि घनतेवरून कोरडा माल. हे सगळं आता संवेदक आणि संगणक सतत मोजत असतात, आणि काम देणाऱ्या बंदराचा माणूसही तेच आकडे पाहू शकतो.

हॉपर मोठा असूनही वजनाची क्षमता कमी असलेलं जहाज चिखलासाठी बांधलेलं असतं. वजनाची क्षमता भरपूर असेल तर ते वाळू आणि खड्यांसाठी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कंपनीने कोणत्या कामासाठी पैसा घातला ते कळतं.

फेरी म्हणजेच पैसा

हॉपर ड्रेजर भरला की उपसणं थांबतं. मग त्याला माल टाकायला जावं लागतं आणि परत यावं लागतं. एका फेरीचा हिशोब मांडू. भरायला दीड तास. टाकायची जागा २६ किलोमीटरवर. वेग १४ नॉट, म्हणजे ताशी २६ किलोमीटर, तेव्हा जायला एक तास, यायला एक तास. बुडाचे दरवाजे उघडून माल सोडायला पाव तास. एकूण पावणेचार तास, दिवसात सहाच्या वर फेऱ्या.

टाकायची जागा तिप्पट लांब, ७८ किलोमीटरवर गेली तर फेरी पावणेआठ तासांची होते आणि दिवसाला तीनच फेऱ्या निघतात. जहाज तेच, माणसं तीच, काम निम्मं. मोठ्या हॉपरचं खरं मोल इथे आहे. प्रवासाला लागणारा वेळ हॉपरच्या आकाराने फारसा बदलत नाही, त्यामुळे अंतर जितकं जास्त तितका मोठा हॉपर परवडतो. टाकायची जागा जवळ असेल तर मधल्या आकाराचं चपळ जहाज बाजी मारू शकतं.

माल नुसता टाकायचा नसून किनाऱ्यावर भराव घालायचा असेल, तर हिशोब आणखी बदलतो. तेव्हा जहाज तरंगत्या पाइपलाइनला तोंड जोडतं, हॉपरमधल्या वाळूत पाणी सोडून ती पातळ करतं आणि पंपाने किनाऱ्यावर ढकलतं. किंवा उथळ पाण्यात नाकावरच्या नळीतून वाळूची कमान हवेत उडवतं. हे दृश्य फोटोंत हमखास दिसतं, त्याला रेनबोइंग म्हणतात. दोन्हींत पाव तासाच्या जागी तास-दीड तास जातो.

नेदरलँड्सने रॉटरडॅम बंदराचा 'मास्व्लाक्ते २' हा भाग समुद्रात उभा केला, तेव्हा सुमारे २४ कोटी घनमीटर वाळू लागली. अशा कामात एका फेरीतली दहा मिनिटं वाचली तरी शेवटी महिन्यांचा फरक पडतो. त्याच देशात २०११ साली किनाऱ्याला लागून २.१५ कोटी घनमीटर वाळूचा एक मोठा ढीग मुद्दाम घातला. वारा आणि लाटांनी ती हळूहळू किनाऱ्याभर पसरवावी आणि दरवेळी थोडी थोडी वाळू टाकण्याचा खटाटोप वाचावा, हा हेतू. ते काम हॉपर ड्रेजरांशिवाय शक्यच नव्हतं.

मोठ्या जहाजाची एक अडचण मात्र सुटत नाही. 'क्रिस्तोबाल कोलोन'चा हॉपर ४६,००० घनमीटरचा आहे. पूर्ण भरल्यावर त्याचं बूड १५ मीटरच्या आसपास खाली जातं. दहा मीटर खोलीच्या बंदरात तो भरून बाहेरच पडू शकणार नाही. मार्ग खोल करायला आलेल्या जहाजालाच खोली हवी, अशी ही कोंडी आहे. म्हणून लहान पण रुंद, कमी पाण्यात तरंगणारे ड्रेजर कंपन्या आजही आवर्जून बांधतात. त्यांच्या बातम्या कमी येतात. माझ्या मते त्या जास्त यायला हव्यात, कारण रोजच्या देखभालीच्या गाळाचं ओझं याच जहाजांवर असतं.

असं जहाज बांधणं वेगळं का

साध्या मालवाहू जहाजात माल चढतो आणि कित्येक दिवस, आठवडे तसाच राहतो. ड्रेजर दिवसात पाच-सहा वेळा पूर्ण भरतो आणि पूर्ण रिकामा होतो. भरला की मधला भाग वजनाने खाली दबतो, रिकामा झाला की पाणी मधला भाग वर उचलतं. पोलाद रोज असं वाकतं आणि सरळ होतं, वर्षानुवर्षं. शिवाय बुडाला दरवाजे, वर झाकण नाही, आणि मधोमध सगळा हौद. ताकद यायची ती कुशींच्या भिंतींतून आणि दोन्ही टोकांच्या जोडांतून. चिरा पडण्याची भीती असते ती या जोडांच्या कोपऱ्यांत, म्हणून आराखडा करणारे त्यांच्यावर सर्वांत जास्त डोकं घालतात.

जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि आडव्या रेषा रंगवलेल्या असतात. भरल्यावर जहाज किती बुडू शकतं, त्याची ती आंतरराष्ट्रीय नियमांनी घातलेली हद्द. हॉपर ड्रेजरांना काही अटींवर ही हद्द ओलांडून थोडं जास्त बुडायची मुभा मिळते. कारण सोपं आहे: संकट आलं तर तो बुडाचे दरवाजे उघडतो, माल काही मिनिटांत समुद्रात जातो आणि जहाज वर येतं. ही मुभा ज्या नियमावलीतून मिळते तिला 'डीआर-६८' म्हणतात. जहाजाच्या कागदांत हा उल्लेख असेल तर त्याची वजन वाहण्याची क्षमता साध्या नियमांपेक्षा जास्त धरलेली असते.

झिजेचा प्रश्न तर कायमचा. वाळू म्हणजे क्वार्ट्‌झचे कण, आणि ते सेकंदाला कित्येक मीटर वेगाने पंपातून जातात. पंपाचे पाते आणि अस्तर कठीण पांढऱ्या ओतीव लोखंडाचे करतात आणि बदलायचे आहेत असं धरूनच बसवतात. पाइप एका बाजूने झिजला की फिरवून लावतात.

जलावतरणाच्या दिवशी नेमकं काय होतं

जहाजाच्या जन्माचे टप्पे असे: पहिला पोलादी पत्रा कापणं, कील (जहाजाचा तळकणा) ठेवणं, जलावतरण, मग उरलेली जोडणी, समुद्रातल्या चाचण्या आणि शेवटी ताबा. आज जहाज मोठमोठ्या ठोकळ्यांत वेगवेगळं बांधून जोडतात, त्यामुळे कील ठेवणं म्हणजे पहिला ठोकळा जागेवर बसवणं. कित्येक गोदींत त्याखाली एक नाणं ठेवतात. नाव ठेवण्याचा समारंभ जलावतरणाच्या वेळीही होतो, ताबा देण्याआधीही होतो.

पाण्यात उतरवायच्या तीन मुख्य पद्धती आहेत. कोरड्या गोदीत बांधलेलं असेल तर पाणी आत सोडतात आणि जहाज शांतपणे तरंगू लागतं. उतारावर बांधलेलं असेल तर वंगण लावलेल्या वाटांवरून ते मागच्या टोकाने घसरत जातं. तिसरी पद्धत अरुंद नदी-कालव्यांकाठच्या गोदींची: जहाज आडवंच पाण्यात लोटायचं. समोरच्या काठापर्यंत लाट जाते. नेदरलँड्समध्ये हे दृश्य नेहमीचं.

यातली उताराची पद्धत सर्वांत नाजूक. मागचं टोक पाण्यात शिरतं, तरंगू पाहतं आणि उचललं जातं. पुढचं टोक मात्र अजून जमिनीवर असतं. त्या क्षणी हजारो टनांचा मोठा वाटा पुढच्या आधारांच्या छोट्याशा जागेवर येतो. वजन कुठे आहे, भरती किती आहे, उतार किती आहे, याचा हिशोब महिनोन्‌महिने आधी केलेला असतो. घसरण अर्ध्या-एक मिनिटात संपते आणि पुन्हा करता येत नाही.

पण पाण्यात उतरलेलं जहाज म्हणजे पूर्ण झालेलं जहाज नव्हे. शोषण नळ्या, गॅन्ट्री, बरीचशी वायरिंग, राहण्याच्या खोल्या, नियंत्रण कक्ष हे सगळं बऱ्याचदा नंतर, धक्क्याला बांधून ठेवलेल्या अवस्थेत बसवतात. जलावतरण आणि ताबा यांत कित्येक महिने जातात. चाचण्यांतही आधी वेग, वळण, थांबणं तपासतात, मग खरोखर गाळ उपसून पाहतात: हॉपर किती मिनिटांत भरतो, दरवाजे घट्ट बसतात का, किनाऱ्यावर ढकलण्याचा दाब मिळतो का. करारात दिलेले आकडे इथे सिद्ध व्हावे लागतात. त्यामुळे 'नवा ड्रेजर आला' या बातमीत तो उतरला आहे की मिळाला आहे, हे पाहावं.

धूर आणि गढूळ पाणी

ड्रेजरवर इंधनाची भूक दुहेरी आहे. जाताना पंख्याला, उपसताना पंपाला, आणि दोन्हींमधले चढउतार झपाट्याचे. म्हणून नव्या जहाजांत इंजिनाने वीज करायची आणि ती गरजेप्रमाणे वाटायची, ही रचना वाढते आहे. २०१७ मध्ये देमेचा 'मिनर्वा' द्रवरूप नैसर्गिक वायू आणि डिझेल या दोन्हींवर चालणारा हॉपर ड्रेजर म्हणून आला. 'स्पार्टाकस'ही वायूवर चालू शकतो. वायूने गंधक आणि काजळी जवळजवळ जाते, कार्बन डायऑक्साइडही घटतो. मात्र इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन त्या फायद्याचा काही भाग खातो. 'मिथेनॉलसाठी सज्ज' असं वाचलंत तर लक्षात ठेवा, बहुतेकदा त्याचा अर्थ पुढे टाक्या आणि नळ बसवायला जागा सोडली आहे एवढाच असतो.

पाण्यातला परिणाम याहून जवळचा आणि मला जास्त काळजीचा वाटतो. ओव्हरफ्लोमधून जाणाऱ्या पाण्यात बारीक कण असतात. त्यांचा ढग पसरला की खाली प्रकाश पोहोचत नाही, समुद्री गवत आणि प्रवाळ गुदमरतात. त्या पाण्यात हवेचे बुडबुडे असले तर ते कणांना वर तरंगवत ठेवतात आणि ढग लांब जातो. म्हणून ओव्हरफ्लोच्या नळकांड्यात एक झडप बसवतात. ती प्रवाह रोखून धरते, हवा आत ओढली जाऊ देत नाही आणि कण सरळ खाली जातात. साधी युक्ती आहे, आणि नव्या जहाजात ती असायलाच हवी. अमेरिकेत जिथे समुद्री कासवं आहेत तिथे ड्रॅगहेडपुढे नांगराच्या फाळासारखा पत्रा लावतात, म्हणजे तळावरचं कासव बाजूला सरकतं. उपसलेला माल समुद्रात कुठे टाकायचा यावर १९७२ चा लंडन करार आणि त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल (सुधारित करार) लागू होतात. माल आधी तपासावा लागतो, कारण बंदरातल्या चिखलात जुने धातू आणि तेल साठलेलं असू शकतं.

जहाज कुठल्या देशाचं, हेही पाहा

खुल्या जागतिक बाजारात चार युरोपीय कंपन्यांचा दबदबा आहे: बेल्जियममधून वाढलेल्या यान दे नुल आणि देमे, नेदरलँड्सच्या बोस्कालिस आणि व्हान ओर्ड. चीनच्या सरकारी कंपन्यांचा ताफाही प्रचंड आहे. ही जहाजं एका खंडातलं काम संपवून दुसऱ्या खंडात जातात, आणि रिकामं जाणं हा मोठा खर्च असल्याने पुढचं काम कुठे मिळणार यावर जहाजाचा आकार ठरतो.

अमेरिकेचं चित्र निराळं आहे. तिथे १९०६ च्या कायद्याने अमेरिकी पाण्यात गाळ उपसायला अमेरिकेत बांधलेलं जहाजच लागतं. युरोपातले अजस्र ड्रेजर तिथे येऊ शकत नाहीत. त्यामुळे तिथल्या कंपन्यांचा ताफा लहान आणि बराच जुना राहिला, आणि प्रत्येक नव्या जहाजाला वेगळं वजन आलं. त्या देशातला सर्वांत मोठा हॉपर ड्रेजर म्हणून बांधलेल्या 'फ्रेडरिक पॉप'ची क्षमता सुमारे ११,५०० घनमीटर आहे, म्हणजे 'क्रिस्तोबाल कोलोन'च्या पाव. जागतिक यादीत हा मधल्या आकाराचा ड्रेजर. पण त्या किनाऱ्यावर परदेशात बांधलेला मोठा ड्रेजर कायद्याने येऊच शकत नाही, तेव्हा तिथल्या बंदरांसाठी त्या ११,५०० घनमीटरचं मोल ४६,००० पेक्षा जास्त आहे.